अन्याला आणायला सिंगापूरला

सिंगापूर बघायला चालले आहे, असं मी साताऱ्यात सगळ्यांना सांगितलं होतं. खरं काय ते फक्त आमच्या ह्यांना माहीत होतं. आईच्या स्वादुपिंडात गाठ होती. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने. त्यातले दोन संपले होते आणि माझ्या धाकट्या भावाला, अनिरुद्धला, म्हणजे आमच्या अन्याला, त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. आईनेच मला शपथ घातली होती. "त्याला कळवायचं नाही. तिकडे एकटा आहे, जीव टांगणीला लागेल त्याचा." दोन महिने मी शपथ पाळली. मग एक दिवस तिने पेजेची वाटी न चाखताच बाजूला सारली आणि मला राहवेना. फोनवर हे सांगायला माझी जीभ रेटेना, म्हणून तिकीट काढलं. त्याला घेऊनच यायचं, असं ठरवून निघाले.

चांगी विमानतळावर माझी पहिली फजिती झाली. तिथे अंगठा यंत्रावर टेकवायचा असतो. माझा अंगठा यंत्राने तीनदा नाकारला. जन्मभर भांडी घासून बोटांवर रेषा राहिल्यात कुठे? शेवटी तिथला एक वयस्क शिपाई आला, "ऑंटी, वाइप फर्स्ट, ला," म्हणाला आणि कागदी रुमाल पुढे केला. (बोलताना शेवटी 'ला' लावायची तिथे सगळ्यांना सवय आहे. ऐकायला गोड वाटतं.) अंगठा पुसला आणि फाटक उघडलं.

बाहेर अन्या उभा होता. मी ओळखलंच नाही आधी. गालफडं बसलेली, शर्ट हँगरला अडकवल्यासारखा.

"अगं बाई! काय रे हा अवतार? उपास करतोस की काय?"

"ताई, आल्या आल्या सुरू झालीस?" म्हणाला आणि माझी बॅग ओढायला लागला.

एमआरटीने (म्हणजे तिथली मेट्रो) जुरोंग ईस्टला जायला तास लागला. डब्यात इतकी शांतता की पिशवीतल्या लाडवांचा डबा वाजला तरी मला ओशाळल्यासारखं झालं. भिंतीवर काय काय करू नये त्याची चित्रं, त्यात एक चित्र ड्युरियनचं. फणसाचं हे तिथलं भावंड इतकं घमघमतं की गाडीत न्यायला बंदी. मी हसले, अन्या हसला नाही. बाहेर एकसारख्या उंच इमारती आणि त्यांच्या खिडक्यांतून बांबूवर वाळत घातलेले कपडे चालले होते. स्वच्छ, हिरवं शहर. बघत राहावं असं, पण माझं लक्ष त्याच्याकडे.

कॉन्डोत (म्हणजे पोहायचा तलाव वगैरे असलेल्या भारी सोसायटीत) राहतो असं तो सांगायचा. प्रत्यक्षात एका चिनी म्हातारीच्या फ्लॅटमधली एक खोली निघाली. "कॉन्डोत प्लंबिंगचं काम चाललंय ग, तात्पुरता इथे," म्हणाला. मी मान डोलावली. मला स्वतःचंच सांगायचं इतकं होतं की दुसऱ्याचं खोदून बघायला उसंत नव्हती.

सकाळी म्हातारीच्या ओट्यावर आलं ठेचून चहा केला. अन्याने कपाला हातही न लावता तो परत केला.

"चहा सोडलाय मी."

आमच्या घरातला माणूस चहा सोडतो? आमचे बाबा चहा प्यायल्याशिवाय दाढीसुद्धा करत नसत. मी त्याच्याकडे बघतच राहिले आणि तेवढ्यात त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी दिसली. शेजारी हिरवट-जांभळे डाग, दुसऱ्या हातालाही तेच. आईचं झालं, आता याचं काय?

"काही नाही ग. रक्त देतो. रक्तदान. आजही जायचंय, ऑफिसच्या आधी."

हुश्श झालं मला. रक्त असं रोज देता येत नाही, हे तेव्हा सुचलंसुद्धा नाही. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. बाबांच्या पुण्यतिथीला आमच्या गल्लीत शिबिर असतं, मी दर वर्षी रक्त देते. घरात प्रमाणपत्रांची थप्पी आहे आणि शिबिरात मिळालेल्या स्टीलच्या डब्यांची तर चळतच. म्हटलं, भाऊ शोभतोस! आणि लगेच ठरवलं, मीही येणार. परदेशात रक्त देऊन येणार.

"ताई, तू नको."

"का? माझं काय पाणी आहे?"

तो नको नको म्हणत राहिला आणि मी पर्स काखोटीला मारून पुढे.

ते ठिकाण वन-नॉर्थ नावाच्या भागात होतं. सगळीकडे काचेच्या इमारती आणि गळ्यात ओळखपत्रं घालून झपझप चालणारी तरुण मुलं. पाचव्या मजल्यावर अन्या आत गेला. मी टेबलापाशी बसलेल्या मुलीपुढे बाही वर केली आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं, आय ऑल्सो डोनेट. इंडियात एव्हरी इयर.

ती गोड हसली. "नो डोनेशन हिअर, ऑंटी. धिस वन न्यू मेडिसिन ट्रायल. वी पे देम, ला."

मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा, अगदी सावकाश सांगितलं. इथे दान नव्हतं. नव्या गोळीची चाचणी होती. धडधाकट माणसांना गोळी द्यायची, दोन रात्री ठेवून घ्यायचं, तासातासाला रक्त काढायचं, मग आठवडाभर रोज येऊन टोचून घ्यायचं. त्या दिवसांत चहा-कॉफी बंद. आणि त्याचे पैसे मिळायचे.

मी बाही खाली केली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती त्या मुलीची नव्हती, त्याचीही नव्हती. माझीच होती.

खाली हॉकर सेंटर होतं. (एका छपराखाली खाण्याच्या पन्नास टपऱ्या, टेबलं सगळ्यांची.) मी माझ्यासाठी कोपी घेतली, म्हणजे आटवलेलं दूध घातलेली तिथली काळीकुट्ट कॉफी. त्याच्यापुढे साधं पाणी ठेवलं आणि म्हटलं, बोल.

तो बोलला. रॅफल्स प्लेसच्या बँकेत तो ज्या विभागात होता तो अख्खा विभागच बंद झाला होता, नोकरी गेली होती. त्याला आठ महिने झाले होते. परमनंट रेसिडेंट असल्यामुळे राहू दिलं एवढंच. पंचेचाळिशीत कुणी मुलाखतीला बोलवेना. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे भाकरीची वाटणी नव्हती तशी दुःखाचीही नव्हती. दोन दुकानांचे हिशेब लिहायचा, ते पुरेना.

"अमेरिकेत मित्र शिकत असताना प्लाझ्मा विकायचा. रक्तातलं ते पिवळट पाणी काढून घेतात, बाकीचं परत सोडतात. म्हटलं इथेही असेल. रक्तपेढीत जाऊन चक्क विचारलं, किती मिळतात? तिथले काका म्हणाले, नो मनी, ला. ओन्ली बिस्किट अँड मायलो. म्हणजे चॉकलेटचं दूध."

"मग?"

"मग काय, उठून यायची लाज वाटली. फुकट देऊन आलो."

आम्ही दोघंही हसलो. मग त्याचा चेहरा वाकडा झाला.

"आईच्या बाईचा पगार तरी चुकू नये ग. पाय मोडल्यापासून तिला बाई लागते. तेवढंच माझ्याकडून."

त्याचं तोंड बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. "अरे, मला सांगायचंस ना! मी काय मेले होते?"

"आईला सांगितलंय सगळं. नोकरी गेली त्याच आठवड्यात. तीच म्हणाली, ताईला नको सांगूस, तिच्या डोक्याला कशाला ताप."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. आईला माहीत होतं! याच्याकडे तिकिटाला पैसे नाहीत हे तिला माहीत होतं, म्हणून मला शपथ घातली होती. आणि मी समजत होते, लेकाच्या मोठ्या नोकरीत खंड पडू नये म्हणून.

मग मी सांगितलं. गाठीचं, तीन महिन्यांचं, पेजेच्या वाटीचं. सांगताना मध्येच रडायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या बाईने न बोलता कागदी रुमालांचं पाकीट माझ्यापुढे सरकवलं.

"दोन महिने?" अन्या म्हणाला. "ताई, दोन महिने?"

त्याचे आणखी तीन नमुने द्यायचे राहिले होते. तो तसाच वर गेला आणि दहा मिनिटांत परत आला. "कधीही सोडता येतं म्हणाले. पैसे गेल्या दिवसांचेच मिळतील. चल." दुपारचं विमान मिळालं. तिकीट मी काढलं, आणि त्याने पहिल्यांदाच नको म्हटलं नाही.

मुंबईहून गाडी करून साताऱ्याला पोचलो. खंबाटकीचा घाट येईपर्यंत तो, आईला काय काय सांगायचं ते मला ऐकवत होता. दारात आमचे हे उभे होते. "काल दुपारपासून डोळे उघडले नाहीत," म्हणाले.

अन्या तिच्या उशाशी बसला. दोन दिवस उठला नाही. तिचा हात हातात घेऊन तो बोलत राहिला, दुकानांचं, म्हातारीचं, बिस्किटं आणि मायलोचं. ती ऐकत होती की नव्हती, देव जाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी आई गेली.

तेराव्यानंतर सगळे पांगल्यावर अन्या माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "बोलत होती तेव्हा माझं नाव काढायची का ग?"

खोटं बोलायचा मला आता कंटाळा आला होता. म्हटलं, "रोज."

दोन महिने रोज मी ते ऐकलं होतं, आणि शपथ घातली आहे म्हणून त्याला फोन लावला नव्हता.