काढू का, आत्ती?

आमच्याकडे चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढतात ती नव्हे. भाजीत, आमटीत, रश्श्यात वर्षभर जे लाल तिखट पडतं, ज्यात कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे सगळं आधीच भाजून कुटलेलं असतं, ती चटणी. कोल्हापुरात उन्हाळा लागला की ती घरोघर होते. चांगली झाली तर कुणी फारसं बोलत नाही. बिघडली तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रोज दोन वेळा तीच खायची असते, त्यामुळे बोलणं बरंच होतं.

आमच्या घरची चटणी सासूबाई करतात. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. करतात म्हणजे भाजण्याचं, चिरण्याचं, निवडण्याचं काम माझ्याकडे, आणि आत्ती गॅसजवळ पाटावर बसून वास बघतात. खोबरं कढईत पडलं की त्या गप्प होतात. मी उलथनं हलवत राहायचं. नेमक्या वेळी त्या म्हणतात, "काढ." त्याआधी काढलं तर चटणी महिन्याभरात मऊ पडते, नंतर काढलं तर कडवट होते. शेजारपाजारच्या बायकासुद्धा भाजणीच्या दिवशी त्यांना हाक मारतात, मावशी, जरा येऊन वास बघा की. आत्ती पदर खोचून जातात आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन "काढ" म्हणून येतात.

त्या जे बाकीचं करायच्या ते एकेक करून माझ्याकडे आलं. दळण, बाजार, सणाचा स्वयंपाक, पाहुण्यांचं. कुणी ठरवून काढून घेतलं नाही, गुडघे दुखत गेले तसं होत गेलं. चटणी तेवढी त्यांच्याकडे राहिली. माझ्या थोरल्या वन्सं, बिद्रीकडे दिल्यात त्या, दर वर्षी आपल्या घरची चटणी इथूनच नेतात आणि दर वर्षी हेही सांगतात की आई, आता पाकिटातली चांगली मिळते, कशाला हे सगळं. आत्ती दोन्ही गोष्टी ऐकून घेतात आणि डबा भरून देतात.

गेल्या थंडीत आत्तींना ताप आला. सर्दी, अंगदुखी, नेहमीचं सगळं. आठवड्यात उठून बसल्या. त्यानंतर घरात एक बदल झाला, तो मला उशिरा कळला. आत्ती बाहेरच्या खोलीतून माझ्या फोडणीवर बोलायच्या बंद झाल्या. लग्न झाल्यापासून मी ते ऐकत आले होते. मोहरी जळली. लसूण लाल झाला, आता पाणी घाल. हिंग टाकला न्हाईस व्हय आज? टीव्ही चालू असला तरी त्यांना आतलं सगळं कळायचं. आता त्या काही म्हणेनात. एक तर माझा स्वयंपाक सुधारला असणार, नाहीतर त्या निवळल्या असणार. दोन्हीवर माझा विश्वास बसत नव्हता, पण शांतता बरी वाटत होती, म्हणून मी खोलात गेले नाही.

मग एकदा दूध लागलं. मी गच्चीवर मिरच्या उलटायला गेले होते. ब्याडगी आणि संकेश्वरी वेगवेगळ्या चादरींवर पसरल्या होत्या आणि वारा सुटला होता. खाली आले तर जिन्यातच करपल्याचा वास. आत्ती गॅसपासून हाताच्या अंतरावर बसून लसूण सोलत होत्या, पाठ गॅसकडे. मी बटण बंद केलं तेव्हा त्यांनी मागं वळून बघितलं.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. तापानंतर वास गेला म्हणून सांगत येणारी माणसं बघितलेली आहेत. तरी त्या दिवशी मी काही विचारलं नाही. आधी खात्री करावी म्हटलं.

खात्री खोबऱ्यानं झाली. खोबरं नेहमी आत्ती स्वतः आणतात. माझे मिस्टर कागलच्या एमआयडीसीत कामाला आहेत, सुट्टीच्या दिवशी ते त्यांना गाडीवरून लक्ष्मीपुरीच्या बाजारात नेतात. ठरलेल्या दुकानात आत्ती वाटीच्या कडेचा तुकडा मोडतात, नाकाला लावतात, मग दाताखाली धरतात, आणि मग पोतं दाखवतात, ह्यातलं दे. यंदाही तसंच झालं, असं मिस्टर म्हणाले. नाकाला लावलं, दाताखाली धरलं, ह्यातलं दे.

मी विळीवर पहिली वाटी कापली आणि थांबले. खवट होतं. थोडंथोडकं नाही, जुन्या तेलाच्या बाटलीसारखं. अशा खोबऱ्याची चटणी केली तर पहिल्या भाकरीलाच कळतं, आणि मग सगळी बरणी फेकायची. मी एक काप आत्तींच्या हातात दिला. त्या मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या.

"आत्ती, ह्याचा वास बघा."

त्यांनी बघितला. "चांगलं हाय की."

"खवट हाय."

त्यांनी काप खाली ठेवला आणि पुढची मिरची घेतली. बराच वेळ देठं मोडत राहिल्या. मी पण विळीवरून उठले नाही. शेवटी मीच विचारलं, कधीपासून.

"ताप आलता न्हवं, तवापासनं."

"सांगायचं तरी."

"सांगून काय? तुझं नाक देणार हुतीस मला?"

मी खवट काप उचलून बाजूला ठेवला. मग त्याच म्हणाल्या, थोरलीला सांगू नगंस. तिला कळलं तर चटणी बंदच करंल.

बरोबरच होतं ते. वन्संना कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाकिटं आणून फळीवर रचली असती, आणि मग आत्तींना घरात नुसतं बसण्याखेरीज काही उरलं नसतं. मी म्हटलं सांगत नाही. मग खोबरं पिशवीत भरलं आणि बदलून आणायला गेले. दुकानदार म्हणाला, मावशींनी स्वतः वास बघून घेतलंय ताई, त्यांनी घेतलेलं खोबरं खवट कसं निघंल? मी वाद घातला नाही. घातला असता तर सगळ्या बाजाराला कळलं असतं. दुसरं खोबरं घेतलं, तुकडा मोडून, नाकाला लावून, दाताखाली धरून. तो माझ्याकडे बघत होता.

आता खरी अडचण पुढं होती. आत्तींना वास येत नव्हता आणि मला "काढ" म्हणायचं माहीत नव्हतं. इतकी वर्षं कढई माझ्या हातात होती, पण निर्णय त्यांचा. उलथनं हलवणाऱ्याला वास बघावा लागत नव्हता, म्हणून मी कधी बघितलाच नव्हता.

भाजणीच्या आदल्या दिवशी आत्तींनी मला मूठभर खोबरं भाजायला लावलं. काय काय वास येतोय ते सांग, म्हणाल्या. मी म्हटलं खोबऱ्याचा. "खोबऱ्याला काय शेणाचा येणार हाय? नीट सांग." मग मी नाक लावून उभी राहिले. आधी नुसता गोडसर, ओला. मग बेकरीसमोरून जाताना येतो तसला. आत्ती म्हणाल्या, अजून थांब, आता तेल सुटल्यासारखा येईल, गोड कमी होईल. तसंच झालं. आता काढायचं, त्या म्हणाल्या, ह्याच्या पुढं घशाला लागतो तो करपल्याचा. त्यांना स्वतःला काही येत नव्हतं, तरी कुठल्या वासामागून कुठला येतो हे सगळं त्यांच्याकडे होतं. तीळ मात्र नाकानं बघायचेच नाहीत, म्हणाल्या, ते कानानं. तडतड दाट झाली की उतरवायचे. कांद्याचंही तसंच. तेलात चरचर आवाज आहे तोवर आत पाणी आहे, आवाज बसला की कांदा झाला. म्हणजे निम्मं काम त्या कानानंच करत होत्या आणि आम्ही सगळे नाकाचं कौतुक करत होतो.

मग आमचं ठरलं. वेळ झाली असं मला वाटलं की मी विचारायचं, "काढू का, आत्ती?" आणि त्यांनी म्हणायचं, "काढ." बघणाऱ्याला नेहमीसारखंच दिसेल.

रविवारी सकाळी वन्सं आल्या. येताना घरच्या लसणाची पिशवी आणि भरपूर बोलणं घेऊन आल्या. माझी कढई लहान आहे, खोबरं जाड कापलंय, मिरच्यांना ऊन कमी लागलंय. मी कामाला लागले. आत्ती पाटावर. धणे झाले, खसखस झाली, तीळ आत्तींनी कानानं काढायला लावले. खोबरं पडलं. मी उलथनं हलवत वास घेत होते. इतकं खोबरं एकदम मी कधी माझ्या भरवशावर भाजलं नव्हतं. गोड वास आला, गेला. मी म्हटलं, "काढू का, आत्ती?" आत्ती म्हणाल्या, "काढ." पुढच्या घाण्याला पुन्हा तसंच. कांद्याला पण तसंच. वन्सं ओट्याला टेकून लसूण सोलत सगळं ऐकत होत्या.

दुपारी वन्सं आणि मी कांडपाला गेलो. गिरणीबाहेर रांग होती, आतबाहेर सगळ्या बायका शिंकत होत्या आणि शिंकता शिंकता एकमेकींच्या मिरच्यांचा रंग बघत होत्या. आधी मिरची आणि कोरडा मसाला, मग कांदा-लसूण घालून पुन्हा. चटणी घरी आणली तेव्हा गरम होती. परातीत ओतून मी खडे मीठ कुटून आत्तींच्या पुढं ठेवलं. मीठ त्यांना कळत होतं. त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली, मीठ वाढवलं, पुन्हा चिमूट घेतली आणि मान हलवली.

पहिल्या चटणीबरोबर आमच्याकडे भाकरीच असते, दुसरं काही करत नाही. जोंधळ्याची गरम भाकरी, वर चटणीचा गोळा, त्यात खळगा करून शेंगतेल, बाजूला कांदा फोडून. वर्षातून एकदाच ती इतकी ताजी मिळते. आम्ही स्वयंपाकघरातच बसलो. वन्संनी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, नाक पुसलं.

"आई, तुझ्या नाकाला तोड न्हाय," त्या म्हणाल्या. "तू हाईस तवर ठीक. पुढं हिला काय जमणार? सकाळधरनं नुसतं काढू का, काढू का. इतकी वर्षं झाली, अजून विचारावंच लागतंय."

मी त्यांच्या ताटात कांदा वाढला. वन्संचं ऐकायची सवय आहे, आणि माझ्या हातांची मिरचीनं आग होत होती. शिवाय आमचं बेमालूम जमलंय याचं मला बरंच वाटलं.

आत्तींनी हातातला घास ताटात ठेवला.

"ती इचारत न्हवती," त्या म्हणाल्या. "सांगत हुती."

वन्संना कळलं नाही. आत्तींनी मग सरळ सांगितलं, थंडीपासून मला वास येत नाही. खोबरं पण खवट आणलं होतं मी, हिनं बदललं. आज जे भाजलं ते हिच्या नाकानं.

मी आत्तींकडे बघितलं. सांगू नगंस म्हणणाऱ्या त्याच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, घास परत उचलला. वन्संचा हात भाकरीवर तसाच राहिला. आधी त्यांना राग आला, आम्हाला कुणी सांगितलं नाही म्हणून. मग दवाखान्यात नेलं का, कोण डॉक्टर, काय म्हणाला. नेलं नव्हतं. ह्या आठवड्यात नेते, मी म्हटलं. आणि मग त्या तिथं आल्याच.

"मग फुडच्या वर्षापासनं पाकीटच आणूया की आई."

"नाक गेलंय," आत्ती म्हणाल्या. "तोंड हाय अजून. आणि ही हाय."

वन्सं खात राहिल्या. दुसरी भाकरी घेतली. जाताना डबा पुढं केला तेव्हा म्हणाल्या, जरा दाबून भर. हे त्या मला म्हणाल्या, आईला नाही. त्यांचं मघाचं बोलणं मी मनावर घेतलं नाही हे त्यांना कळावं म्हणून मी डबा खरंच दाबून भरला.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीही येणार, वेळ लागतो. दोन औषधं दिली, ती मीच दुकानातून आणते. त्यानंतर आत्तींनी पुन्हा बाहेरच्या खोलीतून बोलायला सुरुवात केली. आता त्या विचारतात. मोहरी तडतडली, ऐकलं मी, लसणाचा रंग काय झालाय? मी सांगते. कधी कंटाळा येतो, पण सांगते. शेजारचीनं भाजणीला हाक मारली तेव्हा आत्तींनी आतूनच सांगितलं, सुनेला नेऊन बघ. मी गेले. जाऊन "काढ" म्हणून आले. बरोबर झालं असावं, कारण नंतर ती काही बोलली नाही.

वन्सं गेल्यावर त्या रविवारी मी बरणी भरायला घेतली. तळाला हिंगाचा खडा, मग चटणी दाबत दाबत, वर पुन्हा हिंग. आत्ती अर्धी भाकरी घेऊन अजून बसल्या होत्या. कशी लागतीया, मी विचारलं.

"तिखट हाय. मीठ बरोबर हाय." मग म्हणाल्या, "वास कसला येतोय?"

मला असलं नीट सांगता येत नाही. मी बरणीवर वाकून बघितलं. आधी खोबऱ्याचा, म्हटलं. मग लसणाचा. मिरचीचा सगळ्यात मागनं.

"मग झाली," आत्ती म्हणाल्या, आणि तेलाची वाटी पुढं ओढली.