एक ठेवलेलं शेवळ
परवा बावधनच्या फ्लॅटमध्ये मेलेल्या उंदराचा वास आला आणि रिहे गावातली माझी भाड्याची खोली आठवली. तिथेही पावसाच्या तोंडावर असाच वास सुटला होता. दोन दिवस पलंगाखाली, डब्यांमागे उंदीर शोधून थकलो आणि शेवटी घरमालकिणीला फाडफाड बोललो. त्या हसत मला गोठ्यामागे घेऊन गेल्या. तिथे एकही पान नसलेलं, हातभर उंचीचं जांभळं फूल उभं होतं, भोवती माशा घोंगावत होत्या. "उंदीर न्हाई, शेवळ हाय. कवळं असतं तर भाजी केली असती." "मग काढलं का नाही?" मी विचारलं. "समदीच खाल्ली, तर फुडल्या साली कुटनं उगवतील? एक ठिवतो आमी, वास मारायला." आता त्या गोठ्याच्या जागी इमारत आहे. परवा वास आल्यावर मी आधी मोठ्या आशेनं गॅलरीतल्या कुंड्या पाहिल्या. पण उंदीरच निघाला.