पांढरं वरण

इथे परदेशात, बेडोकच्या बाजारात आज दुकानदाराच्या हातातलं हळदीचं पाकीट फुटलं आणि तो वास आला. खूप वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर विमानतळ उभारायला गेलेल्या पहिल्या तुकडीत मी होतो. धावपट्टी नुकतीच सपाट करून झाली होती आणि वादळाने तिच्या कडेची सगळी लाल निशाणं उडवून नेली होती. त्यातच आमच्या मेकॅनिकच्या छातीत दुखू लागलं. त्याला न्यायला विमान निघालं, पण वरून बघणाऱ्याला पट्टी कुठली आणि बाकीचा बर्फ कुठला, हे कळणं शक्य नव्हतं. मग आमच्या नाशिकच्या स्वयंपाक्याने वर्षभराच्या हळदीची पोती बाहेर ओढून आणली. म्हणाला, "पसरा सगळी. वरण पांढरं खाऊ." आम्ही गुडघ्यांवर सरकत दोन्ही कडांना पिवळे पट्टे ओढले. बोटं असल्याचं कळत नव्हतं, वास तेवढा येत होता. विमान नीट उतरलं. स्ट्रेचरवरून नेताना मेकॅनिकने खाली पाहिलं आणि म्हणाला, "लग्नातसुद्धा एवढी लागली नव्हती मला." हसू आलं, पण गारठ्याने आमचे ओठ हलले नाहीत. संध्याकाळी रेडिओवर कळलं, तो वाटेतच गेला. स्वयंपाक्याने ताटं वाढली, आम्ही जेवलो. त्या वर्षभर वरण पांढरंच होतं. अजूनही घरी वरण मी केलं की मुलगी ताटात बघून इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणते, "बाबा, हळद फरगॉट अगेन आह?" मी हो म्हणतो.