बाहेरून लावलेलं कुलूप

म्हातारं माणूस वृद्धाश्रमात गेलं म्हणजे घरच्यांनी त्याला टाकलं, असं तुम्हीही मानता ना? मी मानत होते. त्यावर तावातावाने लिहीतही होते.

माझी आत्या बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायची. लग्न केलं नाही. शाळेपासून मी तिच्याकडेच. युनियनच्या पत्रकांवर बोट ठेवून तिने मला वाचायला शिकवलं. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली. कंबर सावरल्यावर म्हणाली, "आनेकलजवळ एक जागा बघून आलेय. नर्स असते कायम. तिथं जाते मी."

मी उसळले. माणसं वापरून झाली की अडगळीत टाकणारी व्यवस्था, वगैरे सगळं ऐकवलं.

"सरी, कळलं," ती म्हणाली, "सभा संपली असली तर स्वल्प चहा टाक."

आणि मी तिला माझ्या बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये आणलं. अकराव्या मजल्यावर.

तीन महिन्यांनी एकदा तिच्या हातून गॅस चालू राहिला. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला निघताना मी दाराला बाहेरून कुलूप लावू लागले. काळजीनेच.

एका संध्याकाळी आले, तर ती दाराजवळ खुर्ची घेऊन बसलेली. पायात चपला.

"दुपारी आगीचा भोंगा वाजला," ती म्हणाली. "तपासणी होती म्हणे. शेजारची अक्का बाहेरून ओरडून सांगत होती, घाबरू नका. मी आतून दार ओढत होते."

मी तिचा हात धरला. तो तिने सोडवून घेतला.

"कामाची पाळी चालू असताना आमच्या शेडला बाहेरून कडी घालायचे. ती निघावी म्हणून आम्ही अकरा दिवस गेटवर बसलो. त्याची पत्रकं तूच वाटलीस, फ्रॉक घालून. आठवतं?"

आठवत होतं.

"तिथं खोलीला आतून कडी आहे. ती बघूनच मी ठरवलं होतं. तू विचारलंच नाहीस."

पुढच्या आठवड्यात मी तिला आनेकलला सोडून आले. ती तिथे सुखात आहे, असं म्हणणार नाही. भात चिकट असतो, सोबतीण सारखी रडते. पण "परत ये" म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही.

तुम्हीही कुणाला आत ठेवून कुलूप लावत असाल, तर उद्या निघण्याआधी एक किल्ली त्यांच्या हातात द्या. आणि त्यांना कुठे राहायचंय ते, मध्ये न बोलता, ऐकून घ्या.