कोरफड लावलेलं अंजीर

कोरफड कापली की तिच्या उग्र वासानं मला थेरगावचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. परसातल्या अंजिराला पहिल्यांदाच फळ धरलं होतं आणि ते झाड लावणारे माझे वडील नेमके पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. "पयलं अंजीर मला ठेव गं," एवढंच सांगून ते आत गेले. पिकलेलं अंजीर दोन दिवसही टिकत नाही. चाकणच्या कंपन्यांना फळं पुरवणारी मैत्रीण म्हणाली, कोरफडीचा गर लाव, फळ जास्त दिवस टिकतं. मी घाईघाईत गर चोळला, पंख्याखाली सुकवला आणि फळ फ्रिजमध्ये ठेवलं. मग रोज सकाळी फ्रिज उघडून अंजीर मऊ पडलंय का ते बघायचे. तेवढ्यात आईचा फोन यायचा, "आज बी तोंडानं काय द्यायचं न्हाई म्हणत्यात." ऑपरेशन झाल्यापासून वडील बोलतही नव्हते, नुसते छताकडे बघत पडून असायचे. अखेर डॉक्टरांनी खायची परवानगी दिली आणि मी अंजीर घेऊन दवाखान्यात गेले. पहिल्याच घासाला वडिलांचं तोंड वाकडं झालं. "ह्याला काय फासलंस गं? कडूजहर लागतंय!" इतक्या दिवसांनी ते पहिल्यांदाच बोलले आणि असे खेकसले की आई पदर तोंडाला लावून हसता हसता रडायलाच लागली. आता मी गर काढण्याआधी कोरफडीचा पिवळा, कडू चीक नीट निथळू देते. त्या दिवशी तो निथळला नव्हता, तेच बरं झालं.