तांबडीनं दाणा सोडला

आमच्या तांबड्या कोंबडीनं दाणा सोडला त्या सकाळी मी पहिलं काय केलं असेल, तर तिच्यावर ओरडले. "खा की गं भवाने! तुझ्या एका चोचीवर अख्खं घर अडलंय!" कोंबडीनं मान आत ओढली, पिसं फुगवली आणि कढीपत्त्याच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली.

घर अडलं होतं हे खोटं नव्हतं. आदल्या वर्षी आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, "ते... ते..." एवढंच उरलं. गावाकडं मंद्रूपला तिच्यापाशी कोणी नव्हतं, म्हणून मी तिला सोलापूरला माझ्याकडे आणलं. कोंबड्या शेजारीपाजारी वाटून टाकल्या. ही तांबडी मात्र आईनं डाव्या हातानं अशी काही कवटाळून धरली की शेवटी तीही गाडीत बसली. माझा नवरा रस्ताभर कुरकुरत होता, सासूबरोबर आंदण आलंय म्हणून.

आईचा उजवा हात मुठीसारखा आवळून पोटाशी बसला होता. ज्या हातानं जन्मभर भाकरी थापल्या, त्याचं एक बोट हलेना. व्यायाम करून घ्यायला एक मॅडम यायच्या. त्या बोटं सोडवायला लागल्या की आई डोळे मिटून घ्यायची. पिळायला रबरी चेंडू दिला तर तो तिनं न्हाणीकडे भिरकावला. मी समजावलं, चिडले, रडलेसुद्धा. आई ढिम्म.

आणि मग एके दिवशी बघते तर काय, आई अंगणात खुर्चीत बसलीय, डाव्या हातानं ज्वारीचे दाणे उजव्या मुठीत कोंबतेय, आणि कोंबडी त्या मुठीवर टोच मारून वाट बघतेय. बोटं किंचित हलली. कोंबडीनं एक दाणा काढला. पुन्हा टोच, पुन्हा थोडी फट. रोज सकाळ-संध्याकाळ हा खेळ. चार महिन्यांत तीन बोटं उघडली. मॅडम हसून म्हणाल्या, "मावशी, माझ्यापेक्षा तुमची कोंबडी गुणाची." जाताना मला बाजूला घेऊन मात्र बजावलं, की यात खंड पडू देऊ नका, हात एकदा आखडला की मग कठीण आहे.

आणि आता तांबडीनंच तोंड फिरवलं. आईनं मूठ पुढं केली, बोटं उघडली, दाणे दिसत होते. कोंबडीनं एक उचलला आणि खाली टाकला. आई बराच वेळ तशीच हात धरून बसली. मग बोटं मिटली.

मी बाजरी आणली. भात कुस्करून दिला. लसूण ठेचून भरवली, ताक पाजलं, तर ते तिनं माझ्याच अंगावर उडवलं. शेजारच्या पद्मशाली आजी कुंपणावरून रोज हालहवाल घ्यायच्या. त्यांनी मीठमोहऱ्या उतरवून टाकायला सांगितल्या, त्याही टाकल्या. तिसऱ्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "मरायच्या आत कापून टाक बाई. नंतर वाया जातंय." नवरा आत पेपर वाचत होता, तो म्हणाला, "आधी सांग म्हणजे झालं, मसाला तरी वाटून ठेवू." मी त्याला अशी काही बोलले की तो दिवसभर माझ्या वाऱ्याला उभा राहिला नाही.

त्यात आईचं वेगळंच सुरू झालं. पहिल्याच दुपारी तिनं डावा हात आपल्या गळ्याखाली नेला, दोन बोटांनी दाबल्यासारखं केलं आणि म्हणाली, "ते... ते..." मी पाणी दिलं. तिनं एक घोट घेतला, पेला ढकलला, पुन्हा तेच. मला वाटलं, जळजळतंय. पित्ताचं औषध पाजलं. दुसऱ्या दिवशीही गळ्याशी हात, "ते, ते." मी टॉर्च मारून तिचा घसा बघितला. मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. ती मान हलवायची, चिडायची, पुन्हा दाबून दाखवायची. 'ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं,' असं मी तिच्या तोंडावर म्हणाले. होय, म्हणाले. शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम मी घरी आणून करते, जून तोंडावर आला होता, निळ्या पँटींचा ढीग मशीनशेजारी पडला होता, आणि एक कोंबडी आणि एक म्हातारी, दोघी काही गिळेनात. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा गळ्याशी हात नेला तेव्हा मी ओरडले, "आता तुझं काय दुखतंय? एकाच वेळी किती जणींचं बघू मी?"

त्यानंतर तिनं गळ्याला हात लावला नाही. मला वाटलं, बरं वाटलं असेल.

पाचव्या दिवशी कोंबडी पिशवीत घालून मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. ओळीत म्हैस, दोन शेळ्या, एक कुत्रं आणि मी. शेळीवाला म्हणाला, "कोंबडीला दवाखाना? लई लाडाची दिसतीय की!" मी म्हटलं, "व्हय, हाय लाडाची. तुमचं काय जातंय?"

डॉक्टर तरुण होते, पण हसले नाहीत. कोंबडी टेबलावर धरून त्यांनी दोन बोटं तिच्या गळ्याखाली नेली आणि दाबून बघितलं. अगदी तसंच. आई दाखवत होती तसंच.

"इथं पिशवी असते, खाल्लेला दाणा आधी इथं साठतो," ते म्हणाले. "दाणे हाताला मोकळे लागतात. हा घट्ट गोळा आहे. काय खाल्लंय हिनं?"

त्यांनी चोचीतून थोडं तेल सोडलं, गोळा चोळला, चोच उघडून चिमटा आत घातला. चिमट्यातून एक निळा दोरा बाहेर आला. वीतभर आला, मग अडला.

कोणता निळा, ते मला कोणी सांगायला नको होतं. थंडीत कोंबडीला ऊब मिळावी म्हणून तिचं डालगं मीच मशीनपाशी आत घेतलं होतं. तळाशी गोणपाट टोचेल म्हणून कातरलेल्या दोऱ्यांचा गुंता पसरला होता, चांगला जाड थर, मऊ गादीसारखा. थंडी गेली तरी मी तो काढला नाही, उलट रोजचा कचरा त्यातच टाकत गेले. त्या गुंत्यात दाणे सांडायचे. ती दाण्याबरोबर दोरेही उचलत असणार, रोज थोडे थोडे, माझ्या पायाशी, मी मशीन मारत असताना.

"ओढला तर आतून फाटेल," डॉक्टर म्हणाले. "कापून गोळा काढता येतो, पण आता हिच्यात जीव राहिला नाही. भूल दिली की जाईल. तीन-चार दिवस आधी आणली असती तर बघता आलं असतं."

मी त्यांना विचारलं, "काहीच नाही का करता येणार?" त्यांनी तेल द्यायला सांगितलं, चोळायला सांगितलं. ते मला बरं वाटावं म्हणून सांगत होते, हे दोघांनाही कळत होतं.

रिक्षात कोंबडी मांडीवर होती आणि मला गावची संध्याकाळ आठवत होती. आई एकेक कोंबडी डालग्यात टाकायच्या आधी तिचा गळा दोन बोटांनी चाचपायची. मी तिच्या मागं उभी असायची. हजार वेळा बघितलं असेल मी ते. तिनं पहिल्याच दुपारी ओळखलं होतं. तोंडात शब्द नव्हता, म्हणून ती स्वतःच्या गळ्यावर दाखवत होती, आणि मी तिला गुळण्या करायला लावत होते.

घरी आल्यावर मी तिच्या पायाशी बसले. "तुला कळलं होतं ना, आई?" तिनं होय म्हणून मान हलवली. रागानं नाही, नुसतीच. मी म्हटलं, "माझ्या दोऱ्यांनी झालं गं." तिनं कोंबडी मांडीवर मागून घेतली. मला लाज वाटली, इतकी की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

दोन दिवस मी तेल देत राहिले, चोळत राहिले. गोळा होता तसाच. कोंबडी आईच्या मांडीवर बसून असायची, डोळ्यांवर पडदा यायचा, जायचा. दुसऱ्या दिवशी चार वाजता आई "ते" म्हणाली, एकदाच. मी बाहेर आले तर मान लोंबत होती. कापायच्या गोष्टी करणाऱ्या माझ्या नवऱ्यानं कुंपणापाशी स्वतः खड्डा खणला. चांगला खोल खणला.

मॅडम आल्या. आईची मूठ पुन्हा घट्ट बसली होती. त्यांनी गरम पाण्याचा शेक दिला, बोटं ओढली, माझ्याकडे बघून नाही म्हणून मान हलवली. मग मी हट्टानं मंद्रूपच्या बाजारातून दुसरी कोंबडी आणली. ठिपक्यांची, खादाड, हावरट म्हणावी इतकी. डालग्यात आता कोरडं गवत घालते, दोऱ्याचा तुकडा दिसला तर गुडघ्यावर बसून उचलते.

आईनं तिला पहिल्या दिवशीच आपलं म्हटलं. ज्वारीचं ताट मांडीवर घेऊन ती अंगणात बसते, "ते, ते" करून तिला बोलावते आणि दाणे टाकते, भरपूर टाकते. डाव्या हातानं. मी रोज म्हणते, "आई, उजव्यानं दे की गं." ती माझ्याकडे बघते आणि उजवा हात पदराखाली घेते.