राबावर उचललेला हात

मैत्रिणींनो, आज सकाळचं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अर्धांगवायूनंतर माझा उजवा हात वर्षभर पदराखालीच आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. संस्थानच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, हलवत राहा. मी हलवत नव्हते. लाज वाटायची.

आज घरकामाला येणाऱ्या जानीबरोबर तिच्या गावी, पोशेऱ्याला, पालापाचोळा जाळून केलेल्या राबावर गेले. भाजलेल्या जमिनीवर ती रोपांसाठी नागली, म्हणजे आपली नाचणी, पेरत होती. तिचा हात पाठीतून उठायचा, कोपर तरंगायचं आणि बोटं सगळ्यांत शेवटी उघडायची. मला आपल्या कॉन्व्हेंटातल्या बॅले शिकवणाऱ्या फ्रेंच बाई आठवल्या. अगदी हेच शिकवताना त्यांनी आपल्याला किती रडवलं होतं!

मी पाहत राहिले, तशी जानीने माझ्या उजव्या मुठीत बी भरलं. "बाय, कोंबड्यांना टाकल्यासारखं नको. हात फिरंल तसं सोडा."

डोळे मिटून मी पाठीतून हात उचलला. तो छातीपर्यंत आला, मूठ सुटली आणि सगळं बी एकाच जागी सांडलं. तिने वर्षभर जपलेलं बियाणं होतं ते. मी वेचायला वाकले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तिथं दाट उगवंल. लावणीला उपटून पसरायचंच हाय. तवा तुमीच या."

लावणीला अजून महिना आहे. तोवर रोज हात उचलायचा ठरवलाय. तो वर नेताना श्वास घ्यायचा की सोडायचा, आपल्या फ्रेंच बाई काय सांगायच्या? तुमच्यापैकी कुणाला आठवतं का?